पथारीवरचा सदरा

आमच्या हवालदारांनी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फ्रेम करून खुर्चीमागे टांगलं होतं. नाशिकच्या त्या वर्गात हा गृहस्थ दोन्ही दिवस माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून घोरला आणि जेवणापुरता जागा झाला. परतताना मात्र सगळं न्यायवैद्यक शास्त्र पचवल्यासारखा ढेकर देत होता.

शिकवलं होतं ते बालवाडीतल्या पोरालाही कळावं. रक्ताने भिजलेला कपडा ओला असताना प्लॅस्टिकमध्ये कोंबायचा नाही, सडतो. बंद खोलीत, सावलीत, कागदावर पसरून वाळवायचा. मग कागदातच गुंडाळून लाखेचं सील. तोवर परक्या हाताचा स्पर्श नको.

थोड्याच दिवसांत आमच्या हद्दीत एका बाईचा खून झाला. नवऱ्याच्या अंगावरचा रक्ताळलेला सदरा आम्ही जप्त केला. तो म्हणे, कोंबडी कापली. रक्त बायकोचं निघालं तर तो आत जाणार होता. दुसरा पुरावा आमच्याकडे नव्हता. मी म्हटलं, मागच्या खोलीत वाळवू.

"आपला नंदुरबारमा ऊन फुकट शे, ताई," हवालदार म्हणाले. "खोली कसाले?"

आणि मला बंदोबस्ताला पिटाळून हे शहाणे सदरा घेऊन मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या मोकळ्या मैदानावर गेले. काही ओलं दिसलं की आमच्याकडे पथारीच सुचते, मग ती मिरची असो की गोधडी. भर उन्हात, देठं खुडणाऱ्या बायकांच्या मधोमध त्यांनी तो पसरला आणि चहाला गेले. मी परतले तेव्हा सदऱ्याचा पापड झाला होता आणि वर मिरचीची पूड बसली होती. काय बोलणार, कपाळ माझं!

प्रयोगशाळेने कळवलं, निष्कर्ष देता येत नाही. कोर्टात वकिलाने विचारलं, पथारीवर सदऱ्याला कोणाकोणाचे हात लागले? हवालदारांनी टोपी नीट केली. नवरा सुटला.

बाहेर त्या मेलेल्या बाईची आई थांबली होती. ती त्याच पथारीवर मजुरीला जायची आणि सदरा तिने ओळखला होता.

"ताई, मी दिनभर राखण करी," ती मला म्हणाली. "कुत्रं बी फिरकू दिधं नही. नीट वाळाले पाहिजे म्हणीसन मीच तो उलटापालटा करा. मंग जवाई कसा सुटना?"

"कायदाच आंधळा शे, मावशी," हवालदार म्हणाले.

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागेसुद्धा घेतले नाहीत.