नैवेद्याचे मोदक

माझ्या मुलीने भर सभेत आमची जात सांगितली, तेव्हा माझ्या हातात चहाचा कागदी कप होता. तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही. कार्यक्रम संपेपर्यंत मी तो तसाच धरून बसले आणि घरी येईपर्यंत ओढणीवर चहा सांडलाय हेही मला कळलं नाही.

आम्ही दुबईत, अल मनखूलला राहतो. नवरा खाडीपलीकडे देरा भागात एका ट्रेडिंग ऑफिसात, आणि बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत माझं छोटं किचन, रीतसर लायसन्स काढून चालवलेलं. वर्षभर डबे आणि पुरणपोळ्या, पण खरा हंगाम गणपतीचा. उकडीचे मोदक मी इथेच शिकले, मोबाईलवर बघून बघून. पहिल्या खेपेचे बघून नवऱ्याने विचारलं होतं, हे बसलेत की पडलेत? हळूहळू हात बसला आणि बर दुबईतल्या कितीतरी मराठी घरांचा नैवेद्य माझ्याकडून जायला लागला. "सोवळ्यात करता ना हो?" बायका फोनवर विचारायच्या. मी सांगायचे, आंघोळ करून, केस बांधून, हातमोजे घालून करते, इथल्या म्युनिसिपालिटीचा नियमच आहे. त्यांचं समाधान व्हायचं.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाला काही कळत नाही. वडील शाळामास्तर, म्हणून माझी भाषा लोक ज्याला शुद्ध म्हणतात तशी. उरलेलं ज्याचं त्याने ठरवून टाकलं. "तुमच्याकडे गणपती कसा नाही?" असं कुणी विचारलंच तर "गावी असतो, दिरांकडे" हे उत्तर तयार. दिरांनी ऐकलं असतं तर मला उंबऱ्यात उभं केलं नसतं. ज्यांनी घटना लिहिली त्यांचा फोटो आमच्याकडे कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. परमुलखात पोट भरायला आलेल्या माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली कुंडली वाचून दाखवावी, असा काही कायदा नाही.

वरच्या मजल्यावर वहिनी राहतात. नात्यातल्या नव्हेत, पण इथे माझी जिवाभावाची मैत्रीण म्हणजे त्याच. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच युनिव्हर्सिटीत कायदा शिकतात आणि लहानपणापासून कुठल्याही विषयावर भांडू शकतात. गणपती जवळ आले होते तेव्हा त्यांच्या युनिव्हर्सिटीने एक संवाद ठेवला. निरनिराळ्या देशांची मुलं गोल करून बसणार आणि रंग, वंश, न्याय यांबद्दल आपापल्या देशाची घटना काय म्हणते ते बोलणार. पालकांना बोलावणं होतं. "मम्मी, यू डोन्ट हॅव टू कम," लेक म्हणाली होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी आणि वहिनी ठेवणीतले ड्रेस घालून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

आधी केनियाची एक मुलगी बोलली. भाड्याच्या खोलीसाठी तिने फोन केला होता. घरमालकीण गोड बोलली, आजच या म्हणाली. ही दारात उभी राहिली तेव्हा खोली नुकतीच गेली होती. खाली उतरून तिने एका गोऱ्या मैत्रिणीला फोन करायला लावला, तर खोली पुन्हा रिकामी. ती बाई इंडियन होती, हेही तिने सांगितलं, आवाज जराही न चढवता.

"काय एकेक लोक असतात बाई," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या.

मग त्यांचा मुलगा उठला. पोरगा छान बोलतो. आमच्या घटनेला असलं वागणं मंजूर नाही, म्हणाला, आणि पंधरावं कलम त्याने तोंडपाठ म्हणून दाखवलं. धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान, कशावरूनही भेदभाव करता येणार नाही. टाळ्या पडल्या. वहिनींनी कौतुकाने माझा हात दाबला आणि त्यावरच आपला हात ठेवला.

"तू एक शब्द गाळलास," माझी लेक बसल्या जागेवरून म्हणाली. "जात."

आजचा टॉपिक रेस आहे, असं तो म्हणाला.

"सोयीचा आहे टॉपिक," ती म्हणाली आणि त्या केनियाच्या मुलीकडे वळली. सगळं इंग्लिशमध्ये चाललं होतं, पण मला ते मराठीतच आठवतं. तुझा चेहरा बघून त्या बाईने दार लावलं, ती म्हणाली. आमचा चेहरा बघून कळत नाही, म्हणून आम्हाला आडनाव विचारतात, मग गाव विचारतात. माझी आई इथल्या कितीतरी घरांच्या देवाचा नैवेद्य स्वतःच्या हाताने करते. आम्ही ज्या जातीचे आहोत, तिचा हात लागला तर देव बाटायचा. सतराव्या कलमाने ते बंद केलं. माझी आई मात्र अजून कुणाला सांगत नाही.

वहिनींचा हात माझ्या हातावर होता. त्यांनी तो झटकला नाही, तेवढ्या त्या सभ्य आहेत. ओढणी सारखी करायला त्यांनी तो उचलला आणि नंतर तो त्यांच्या मांडीवरच राहिला.

गाडीत मी लेकीवर तुटून पडले. तुला हा अधिकार दिला कुणी? माझ्या धंद्यावर, माझ्या माणसांवर निखारा ठेवायचा?

"इट्स माय कास्ट टू, मम्मी," ती म्हणाली. "आणि कपाट मी पण उघडते."

तिला आम्ही कधीच काही सांगितलं नव्हतं. ती लहान असल्यापासून सगळं जाणून होती, आणि मी तिच्यादेखत बायकांना दिरांचा गणपती ऐकवत होते.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खलास. यंदाचे मोदक आपणच खायचे." कुणी हसलं नाही.

ऑर्डरी एकदम गेल्या नाहीत, हळूहळू गळल्या. कुणी यंदा इंडियाला जाणार होतं, कुणाकडे गोड कमी केलं होतं. दोघीतिघींनी उलट जास्त मागवले आणि खाली हात जोडलेलं चित्र पाठवलं. मला त्याचाही राग आला. मी फोनकडे बघत होते ती फक्त वहिनींसाठी. त्यांचा ना मेसेज, ना फोन.

मग एका सकाळी त्या किचनवर आल्या, हातात खजुराचा डबा.

"आम्हाला काही फरक पडत नाही हो," त्या म्हणाल्या. "आमचे हेसुद्धा म्हणाले, आजकाल कोण मानतं असलं?"

माझे डोळे भरून आले. खुर्ची पुढे केली तर त्या बसल्याही.

"पाहुण्यांसाठीचे मोदक तुमच्याकडूनच, दरवर्षीसारखे. फक्त नैवेद्याचे एकवीस तेवढे मी घरी करीन म्हणते. सासूबाई असतात ना व्हिडिओ कॉलवर, त्यांना उगाच कशाला त्रास. पण मेली उकड जमत नाही मला. तुम्ही वर येऊन बाजूला उभ्या राहाल का? तुम्ही नुसतं सांगा, हात मी लावते."

आणि मी सांगायला लागले. पाणी उकळलं की मीठ, चमचाभर तूप, मग पिठी, झाकण ठेवून वाफ काढायची, गरम असतानाच मळायची. तोंड चालू होतं आणि कान ते ऐकून थक्क झाले होते. माझ्या ऑपरेशननंतर पहिलं पाणी याच बाईने मला चमच्याने पाजलं होतं, आणि उरलेलं स्वतः पिऊन टाकलं होतं.

पाऱ्यांपर्यंत आल्यावर मी सांगायचं थांबवलं. वहिनी उठल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "रागावला नाहीत ना?"

"रागावलेय," मी म्हणाले.

त्या हसल्या. माझा स्वभाव थट्टेखोर आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

"वहिनी, मी रागावलेय," मी पुन्हा म्हणाले. "मी वर येणार नाही. आणि पाहुण्यांचे मोदकही यंदा तुम्हीच करा."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला बराच वेळ लागला.