पार्कच्या फाटकावरचा कागद

अण्णा नगरमधल्या आमच्या क्वार्टर्सच्या मागे एक पार्क होतं. त्यात तळ्याच्या कडेने, झाडीतून जाणारी एक पायवाट केली होती. चढ नाही, उतार नाही, लाल मातीची सरळसाधी वाट. सगळा फेरा पंचवीस मिनिटांचा. आमच्या कुत्रीला मात्र पाऊण तास लागायचा, कारण तिला प्रत्येक झुडपाची चौकशी करायची असे. मला ऑफिसची घाई. मी साखळी ओढायचो आणि ती चारही पाय रोवून माझ्याकडे अशी बघायची, की तिला फिरायला न्यायची लायकीच नाही माझी. पार्कात कुत्री आणायला मनाई होती की नाही, देव जाणे. नियमांची पाटी होती, पण ती तमिळमध्ये. म्हणजे आमच्यापुरती मनाई नव्हती.

ती रस्त्यावरची. तपकिरी, एक कान दुमडलेला. मुलीने सहावीत असताना दप्तरात घालून आणली. मी म्हटलं, "हे चालणार नाही. बदली झाली तर हिचं काय करायचं?" आमच्या घरात हे वाक्य प्रत्येक गोष्टीला ठरलेलं. मोठा फ्रिज नको, बदली झाली तर? कुंड्या नकोत, बदली झाली तर? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणत म्हणत मी चेन्नईत सात वर्षं काढली होती. शाळेतही हुज्जत घालून मुलीला तमिळऐवजी हिंदी घ्यायला लावलं. उद्या नागपूरला गेलो तर तमिळ काय डोंबलाचं कामाला येणार? परिणाम असा, की पोरगी मैत्रिणींशी पोपटासारखी तमिळ बोलायची, पण बसची पाटी वाचायची म्हटली की आम्हा तिघांचीही सारखीच बोंब. कुत्री मात्र राहिली. लेकीपुढे माझं काही चाललं नाही, आणि पंधरा दिवसांत रोज सकाळी तिला फिरवायला कोण, तर मीच.

दोन वर्षांनी, एका उन्हाळ्यात, पार्कच्या फाटकाशी खांबावर एक कागद चिकटवलेला दिसला. वर लाल अक्षरं, खाली काळी. त्या दिवशी मुलगी बरोबर होती. तिने नाक मुरडलं. "पाण्याचंच असणार," ती म्हणाली. त्या वर्षी पाण्याचे इतके हाल होते, की लॉरीचा हॉर्न ऐकला की बायको हातातलं लाटणं टाकून बादल्या घेऊन धावायची. चेन्नईतला प्रत्येक कागद पाण्याबद्दल असतो, अशी आमची पक्की समजूत झाली होती. पुढे मुलीची परीक्षा सुरू झाली आणि मी एकटाच जाऊ लागलो. कुत्रीला नेमका तोच खांब आवडायचा. ती तिथे थांबली की मी कागदासमोर उभा राहून जांभया द्यायचो.

शनिवारी तळ्याच्या वळणावर ती झुडपात घुसली आणि जिभल्या चाटत बाहेर आली. "काय गं हावरट, घरी उपाशी ठेवतो का तुला?" म्हणत मी तिला ओढली. घरी येऊन तिने नेहमीसारखा वाडगाभर दहीभात खाल्ला. कुणालाच काही वाटलं नाही.

मंगळवारी तिने दहीभाताला तोंड लावलं नाही. "उन्हानं होतं," बायको म्हणाली. बुधवारी फिरायला गेलो तर अर्ध्या वाटेत ती बसली. मी साखळी ओढली. ती उठली, चार पावलं चालली, पुन्हा बसली. आणि मी, मला आज हे लिहितानाही लाज वाटते, मी तिच्यावर खेकसलो. "नाटकं पुरेत! मला साडेनऊला पोचायचंय." तिने शेपूट हलवली आणि उठायचा प्रयत्न केला. तिला तो जमला नाही. शेवटी उचलून घरी आणली. येताना तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ती गार लागत होती.

जवळच एक जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी डोळे पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या आणि हिंदीत विचारलं, "बाहेर काही खाल्लं का? विषबिष? उंदरांचं औषध?"

मी म्हटलं, "छे! शक्यच नाही. ही घरच्याशिवाय काही खात नाही आणि पार्काशिवाय कुठे जात नाही."

किती ठासून बोललो मी! सरकारी नोकरीत एक हे शिकलो होतो, माहीत नसलं तरी ठासून बोलायचं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, ताकदीचं औषध दिलं आणि उद्या पुन्हा आणा म्हणाले.

गुरुवारी सकाळी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. बायको ओल्या फडक्याने पुसत होती आणि ते थांबत नव्हतं. मुलगी युनिफॉर्म घालून दाराशी उभी, पेपरला जायचं तर पाय निघेना. रडण्याचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या मामी वर आल्या. त्या मूळच्या तंजावरच्या. त्यांच्या घरातली मराठी कुठल्या काळातली आणि वर तिला तमिळचा हेल. आम्ही नवरा-बायको जेवताना त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसायचो. मामींनी कुत्रीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"पार्कात नेलंत? फाटकावर लावलंय की," त्या म्हणाल्या. "घुशी फार झाल्या म्हणून झुडपात विष ठेवलंय म्हणून लिहिलंय. दोन आठवडे कुत्री आणू नका, मुलांना सोडू नका म्हणून लिहिलंय. तुम्ही बघितलं नाही?"

बघितलं होतं ना! आठवडाभर बघत होतो. मामींच्या ज्या मराठीला आम्ही हसायचो, तिच्यातला एकही शब्द त्या दिवशी कळायचा राहिला नाही.

रिक्षा करून धावलो. डॉक्टरांनी ऐकलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि इंजेक्शन भरलं. त्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणाले, पण त्यावर हे औषध आहे, स्वस्तातलं आहे, वेळेवर दिलं की जनावर वाचतं. "काल सांगितलं असतंत तर?" हे त्यांनी विचारलं नाही. मीच विचारलं. ते म्हणाले, "काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं." घरी आणून तिला पंख्याखाली निजवली. मी रजा टाकली आणि शेजारी बसून राहिलो. पाणी पाजावं तर ओघळून जाई. पोटावरून हात फिरवावा तर दुखेल का, कळेना. एवढा मोठा बाप्या मी, आणि मला करण्यासारखं काहीही नव्हतं. शुक्रवारी दुपारी, मुलगी पेपर देऊन यायच्या अर्धा तास आधी, ती गेली.

मुलगी रडली नाही. ती चिडली. रविवारी सकाळी चपला घालून माझ्यापुढे उभी राहिली. "चला पार्कात. त्या वॉचमनला मी विचारणार आहे. रोज बघत होते ना तिला? सांगायला काय झालं होतं?"

मी म्हटलं, "जाऊ दे गं." पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. कुणाचीतरी चूक असली तर मला हवीच होती. आम्ही दोघं त्या पायवाटेवरून गेलो. साखळी नसल्यामुळे हातांचं काय करावं ते मला सुचेना. तळ्याच्या वळणावर म्हातारा वॉचमन पालापाचोळा झाडत होता. मुलीने त्याला गाठलं आणि तमिळमध्ये असं फैलावर घेतलं की येणारे-जाणारे थांबले. म्हातारा रागावला नाही. झाडू टेकवून तो सगळं ऐकत राहिला. मग हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलला, मधूनच माझ्याकडे बोट दाखवत. मुलगी माझ्याकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "हे म्हणतात त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. शुक्रवारी. तुमच्यामागे पळत आले होते."

आले होते. ती झुडपात घुसली त्या शनिवारच्या आदल्या दिवशी हा माणूस धापा टाकत माझ्यामागे आला होता. झुडपाकडे हात करत होता, कुत्रीकडे हात करत होता, स्वतःच्या तोंडाशी बोटं नेत होता. मला वाटलं, कुत्री घाण करते म्हणून कुरकुरतोय, नाहीतर चहाला पैसे मागतोय. मला उशीर होत होता. त्याला वाटेला लावायला मी मान डोलावली होती आणि मला येणाऱ्या सात-आठ तमिळ शब्दांपैकी एक त्याच्या तोंडावर फेकला होता.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" मुलीने विचारलं.

"कळलं म्हणालो," मी म्हटलं.