सोफेवाल्याचा खोकला

आमच्या यांच्या तोंडात शब्दांपेक्षा खिळे जास्त असतात. हे सोफे दुरुस्त करतात. मूठभर बारीक खिळे गालात भरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं त्याने तो उचलायचा आणि ठक्कन ठोकायचा. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने कापड ताणलेलं, मग खिळे धरायला तिसरा हात कुठून आणू, असं यांचं म्हणणं. मी स्टेपलगन आणून दिली, तर तिला पिचकारी म्हणून फडताळात टाकली. चुंबकाची वाटी आणून दिली, तिच्यात हे विड्या विझवायला लागले. विड्या सुटल्या, पण वाटी काही कामाला आली नाही. अहो, तोंडात लोखंड धरू नका, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता भिंतींनाही पाठ झालं असेल.

दुकान पुढे आणि आम्ही मागच्या दोन खोल्यांत. मी मशीनवर खोळी शिवते आणि बोलते. हे ठोकतात आणि गप्प असतात. असा संसार चालला होता.

एक दिवस शेजारचा न्हावी त्याच्या खुर्चीची बैठक घेऊन आला. रेक्झिन फाटलं होतं. यांनी काम लगेच हातात घेतलं आणि तो बसल्या बसल्या सांगायला लागला, "काल एक टकलू गिऱ्हाईक आलं. म्हणतं कसं, बाजूचे बारीक कर, वरचे राहू दे!" आमचे हे वर्षातून एखाद्या वेळी हसतात, ते नेमके तेव्हा हसले. जोराचा ठसका लागला. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी. खिळे हातावर थुंकले, मी पाठीत गुद्दे घातले, न्हाव्याने पाणी आणलं. थोड्या वेळाने "काही नाही, काही नाही" म्हणत यांनी पुन्हा हातोडी उचलली. मीही मशीनवर बसले.

खोकला तिथून सुरू झाला. पुढे ताप आला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला, खोकला राहिला. परत ताप, परत गोळ्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आत इन्फेक्शन राहिलंय असं दिसतंय. छातीचा फोटो काढून घ्या." आणि नेमक्या त्याच आठवड्यात नणंदबाई अवतरल्या.

त्यांचं आणि माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पूर्वी त्या प्लास्टिकचे डबे विकायच्या, आता तब्येत विकतात. भावाला समोर बसवून त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली.

"गोळ्यांनी जंतू मरत नाहीत रे, लपतात," त्या म्हणाल्या. "तुझ्या अंगात ते दबा धरून बसलेत. आणि फोटोबिटो काढू नकोस. त्या किरणांनी उरलीसुरली ताकद जाईल. जे करायचं ते नैसर्गिक."

मग पिशवीतून नैसर्गिक बाहेर निघालं. लसणाच्या कॅप्सूल, कसल्या तरी कडू पानांच्या तेलाचे थेंब, जस्ताच्या गोळ्या, अळिंबीची पावडर. दूध बंद, साखर बंद, पाव बंद. मी म्हटलं, "ताई, जस्ताची गोळी कुठल्या झाडाला लागते?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि आमचे हे! साधी डोकेदुखीची गोळी घ्यायला मला दिवसभर मागे लागावं लागतं. हे मुकाट्याने सगळं गिळायला लागले. थेंब, पावडर, कॅप्सूल, सगळं वेळच्या वेळी. फोटोचं नाव काढलं की "ताई म्हणते ते करून बघू" एवढंच. घराला लसणाचा असा वास लागला की गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, सोफा घरी नेल्यावर जाईल ना हो? मला त्या माणसाची सालटी काढावीशी वाटायची. गिऱ्हाइकाची नाही, यांची.

खरं ते सांगते. नणंदबाईंचा नवरा दवाखान्यात गेला, चांगला चालत गेला आणि परत आलाच नाही. तेव्हापासून त्यांना दवाखान्याच्या नावाने तिडीक आहे. त्यांचं दुःख खोटं नाही. पण त्याचा सूड माझ्या नवऱ्याच्या छातीवर कशाला उगवायचा?

तब्येत उतरत चालली. यांना हुडहुडी भरायची, खोकला आला की वास यायचा. नणंदबाई खूश. "बाहेर पडतंय! चांगलं लक्षण आहे. थेंब वाढव."

"आणि बरं वाटलं असतं तर?" मी विचारलं.

"तर औषध लागू पडलं."

"म्हणजे माणूस मेला तरी तुमची बाटली पास!"

"तुझ्या जिभेनेच हा आजारी पडलाय," त्या म्हणाल्या. हे मध्ये बसून भिंतीकडे बघत होते. 

एका दुपारी मी यांच्या पाठीला तेल लावत होते. कान जवळ गेला तर उजव्या बाजूला, खाली, श्वासाबरोबर बारीक शिटी वाजत होती. डाव्या बाजूला नाही, फक्त उजव्या.  हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत जाणार आणि मी खोळी शिवत राहणार, असं मनात आलं आणि मग ते मनातून जाईना.

पुढच्याच आठवड्यात हे एका दिवाणखान्याच्या कोचावर दुधी रंगाचं कापड ताणत होते. खोकल्याची उबळ आली आणि कापडावर रक्त पडलं. हे त्या डागाकडे बघत म्हणाले, "कापड वाया गेलं."

"कापड गेलं खड्ड्यात!" मी ओरडले. न्हाव्याला हाक मारली, दोघांनी मिळून यांना रिक्षात कोंबलं आणि थेट मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे फोटो काढणाऱ्या मुलीने विचारलं, "अंगावर साखळी वगैरे काही आहे का?" काही नव्हतं. तिने परत एकदा फोटो काढला. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावून पडदा आमच्याकडे वळवला. "हे काय आहे, सांगता येईल?"

मी रोज केर काढते, मला नाही ओळखता येणार? फुफ्फुसात, उजव्या बाजूला, खाली, आमच्या दुकानातला खिळा. डोकं, टोक, सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं पोटात गेला," हे पुटपुटले. "पोटातला निघून जातो."

"आणि खोकला?"

"ताई म्हणाली जंतू आहेत. म्हटलं, मग जंतूच असतील."

"पण मला का नाही सांगितलं?"

यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, "तू बोलली असतीस."

डॉक्टरीणबाई मान खाली घालून उगीचच काहीतरी लिहायला लागल्या.

नणंदबाई धावत आल्या, हातात पिशवी होतीच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतात काय, "बघ, आपल्या औषधांनीच तो इतके दिवस शांत राहिला."

"ताई, लसणाने खिळा विरघळतो का?" माझा आवाज पार वॉर्डाच्या टोकापर्यंत गेला. "खिळ्याला दूध बंद केलंत तुम्ही! खिळ्याला पाव बंद केलात!"

 नणंदबाई बाकावर बसल्या, पिशवी पायाशी ठेवली. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "मला तरी सांगायचं होतं त्याने. मी काय परकी होते?" मी त्यांच्या शेजारी बाकावर टेकले.

घशातून नळी घालून खिळा काढला. फुफ्फुसाचा खालचा भाग बराच खराब झालाय, तो पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. यांना आधी आणलं असतं तर तो भाग वाचला असता, हेही सांगितलं. गंजून काळा पडलेला तो खिळा त्यांनी छोट्या डबीत घालून माझ्या हातात दिला.

यांना शुद्ध आली. डोळे उघडून आधी डबी बघितली, मग मला. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बोल आता."

मी बोलले. का नाही बोलणार? स्टेपलगनपासून सुरुवात केली. वाटी काढली, विड्या काढल्या, यांच्या वडिलांना काढलं, बहिणीला काढलं. नर्स येऊन हळू बोला म्हणून गेली, तरी मी थांबले नाही. हे डोळे मिटून ऐकत होते. मी बोलत होते आणि कान यांच्या छातीकडे होता. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. शिटी नव्हती. ते कळलं आणि मला रडू फुटलं, तरी बोलणं चालूच.

शेवटी यांचा हात धरला आणि म्हटलं, "हे बघा, पुढे काही झालं तर मी बोलणार. बोलणारच. तरी आधी मला सांगायचं."

यांनी मान हलवली. मी म्हटलं, मान नको, तोंडाने सांगा.

"सांगेन," हे म्हणाले.