पाट पुसायचा राहिला

निमा गेल्याचा फोन सकाळी आला आणि संध्याकाळपर्यंत चार फाट्यावर तिचा फ्लेक्स लागला. मी तिच्या गावाहून, स्मशानातून परत येत होते. रिक्षा फाट्यावर थांबली आणि वर पाहिलं तर निमा. आधार कार्डावरचा फोटो मोठा केलेला, त्यामुळे डोळे पांढरे पडलेले. तिच्या शेजारी हात जोडून उभा असलेला प्रकाश, देवस्थानाचा अध्यक्ष, तिच्यापेक्षा दीडपट मोठा. खाली लिहिलं होतं, ‘पिढ्यान्‌पिढ्या संस्कारांचे बीज रुजवणाऱ्या निर्मलाबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली.’ रिक्षावाला मला म्हणाला, “बाय, तुमच्या ओळखीच्या होत्या काय?” मी हो म्हटलं आणि दुसरीकडे बघत बसले. ज्या माणसाने निमाला देवळाबाहेर काढलं, तोच फाट्यावर हात जोडून उभा होता, आणि तोही हसऱ्या चेहऱ्याने.

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गावात आलो. पोशीरच्या अलीकडचं, भाताच्या खाचरांमधलं गाव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर लागले आणि निमाने दत्ताच्या देवळात बालवाडी काढली. काढली म्हणजे काय, सासऱ्यांचं पंचांमध्ये वजन होतं, त्यांनी सभामंडप दिला आणि निमाने झाडू हातात घेतला. पोरं सकाळी यायची, देवाला हात जोडायची, गाणी म्हणायची, आरतीची टाळी वाजवायची आणि मधल्या सुट्टीत डबा खायची. इथपर्यंत सगळ्याच देवळांतल्या बालवाड्या सारख्या. पण निमाच्या बालवाडीत रोज एक पोर देव व्हायचं.

ते असं. निमाकडे फणसाच्या लाकडाचा एक पाट होता, चार कोपऱ्यांना पितळेच्या फुल्या ठोकलेला, लग्नात आलेला. डब्याच्या वेळी तो गाभाऱ्यासमोर मांडायचा. त्या दिवशी ज्याचा नंबर, त्याने पाटावर बसायचं. निमा त्याला गंध लावायची, कानावर झेंडूचं फूल अडकवायची आणि मग बाकीच्या पोरांनी आपापल्या डब्यातला पहिला घास त्याच्या ताटलीत नेऊन ठेवायचा. पोहे, भाकरी, साखरपोळी, बिस्किटाचा तुकडा, जे असेल ते. मग त्याच ताटलीतला प्रसाद देवाने स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाटायचा. आणि जेवणं झाली की देवाने ओलं फडकं घेऊन स्वतः पाट पुसायचा आणि उद्याच्या देवासाठी भिंतीला उभा करून ठेवायचा. निमा म्हणायची, “देव झालास म्हून काय झालं रं? पाट कोन पुसनार, तुजी आय?”

तिला ही कल्पना कुठून सुचली, हे तिने कधी सांगितलं नाही. माझा आपला अंदाज, की पहिल्या वर्षी दोन-तीन पोरं डबा न आणणारी होती. ती कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचे डबे बघायची. देवाला डबा आणावा लागत नाही, म्हणून तिने आधी त्यांना देव केलं असावं. मग बाकीची रडायला लागली, आमाला पन आमाला पन, म्हणून नंबर लागले असावेत. निमा काही फार मोठा विचार करून वागणारी बाई नव्हती. तापट होती, पोरांना धपाटे घालायची, आणि एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. माझं नि तिचं वर्षातून दोनदा तरी भांडण व्हायचं आणि ते ती कधीच मिटवायची नाही, मीच मिटवायचे.

प्रकाशही त्याच पाटावर बसला होता. तेव्हा तो पक्या होता, शर्टाचं टोक चोखणारा, घरचा एकुलता एक. डबे संपले, प्रसाद संपला, आणि हा काही पाटावरून उतरेना. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पुन्हा पाटावर. त्याची आई सोबत आलेली, ती म्हणाली, “बाय, आजच्या दिस त्यालाच बसू द्या ना, काल रातभर देव देव करत होता.” निमाने त्याला काखेत हात घालून उचललं आणि फडकं हातात दिलं. तो तिच्या हाताला कडकडून चावला. अंगठ्याखाली दोन दातांची खूण कायमची राहिली. पाट शेवटी त्याच्या आईनेच पुसला. निमा पुढे कितीतरी वर्षं ती खूण दाखवून हसायची, “ह्ये बग सुमे, देवाचा प्रसाद.”

मग जमिनी विकल्या गेल्या. कळंबच्या बाजूला रिसॉर्टं झाली, आमच्याकडे बंगले आले. देवळाला संगमरवर लागला, वातानुकूलित हॉल झाला, आणि प्रकाश अध्यक्ष झाला. बालवाडीला त्याने पाटी करून आणली. पोरांना टाय आला. तोवर सगळं ठीक होतं, टाय लावलेली पोरंसुद्धा पाटावर बसत होती. त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतली एक मुलगी बालवाडीत यायला लागली. चिमी तिचं नाव. वाडीतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्यामुळे पोरं कुठेच धड टिकत नाहीत. पण चिमीच्या आईला बंगल्यांच्या बांधकामावर काम मिळालं होतं, म्हणून ती राहिली. चिमी वर्गात बसायची, गाणी म्हणायची, कोणी काही बोललं नाही. बोलायची वेळ आली ती तिचा नंबर जवळ आल्यावर. पोरं घरी जाऊन सांगायला लागली, परवा चिमी देव होणार.

निमाने मला तो सगळा प्रसंग शब्दाशब्दासकट सांगितला होता, एकदा नव्हे, शंभरदा. प्रकाश संध्याकाळी तिच्या घरी आला, चपला बाहेर काढून, वाकून पाया पडून. “बाई, लोकांचं म्हणणं आहे की ही देवाची थट्टा होतेय. साक्षात दत्ताच्या समोर पोराला देव म्हणून बसवायचं, हे शास्त्रात बसत नाही.” निमा म्हणाली, “तू बसलास तवा बसत होतं काय शास्त्रात?” तो हसला. “तेव्हा आपण अडाणी होतो, बाई.” मग ती म्हणाली, बरं, बंद करते, पण उद्या चिमीचा नंबर आहे, तेवढा होऊ दे. तो पुन्हा पाया पडला आणि गेला. निमाला वाटलं, ऐकलं पोराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट जागेवर नव्हता. देवळाच्या कोठीत होता आणि कोठीला नवं कुलूप होतं. चिमी आली ती डोक्याला तेल लावून, दोन घट्ट वेण्या घालून, गुडघ्याखाली येणारा कोणाचा तरी गुलाबी फ्रॉक घालून. कानावर फूल घरूनच खोचून आली होती. डब्याची वेळ झाली तशी ती गाभाऱ्यासमोर पाट मांडतात त्या जागी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाय, पाट कुठं हाय?”... निमाने काय उत्तर दिलं, ते तिने मला कधीच सांगितलं नाही. मला वाटतं, दिलंच नसावं. त्या दिवशी पोरांनी आपापले डबे आपापले खाल्ले. चिमी दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

महिनाअखेरीस निमाने चाव्या ठेवल्या. पंचांनी तिला ‘मार्गदर्शक’ म्हणून राहायची विनंती केली, तिने पंचांना जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. त्यानंतर आठ वर्षं ती देवळात गेली नाही. तिचं घर देवळाच्या अगदी समोर, पण आरती सुरू झाली की ती खिडकी लावून घ्यायची. मी तोवर भिसेगावात राहायला आले होते. भेटायला गेले की तीच गोष्ट, तोच पक्या, तोच पाट. मी म्हणायचे, सोड आता. ती म्हणायची, “कसं सोडू? पोर उबी हाय तिथं अजून.” शेवटची भेटले तेव्हा ती बरीच थकली होती, पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. मी निघाले तर हात धरून म्हणाली, “चिमीचा नंबर राहिला गं, सुमे.” मी म्हटलं, हो गं, राहिला. आणि रिक्षा मिळायची नाही म्हणून घाईने निघाले.

शोकसभा देवळाच्या हॉलमध्ये झाली, म्हणजे जिथे ती आठ वर्षं फिरकली नाही तिथेच. मी गेले आणि दारातच थबकले. समोर निमाचा फोटो ठेवला होता, हार घातलेला, गंध लावलेला... आणि तो त्याच पाटावर. कोणीतरी कोठीतून काढला होता, काहीतरी उंच हवं म्हणून. लोक ओळीने येत होते, फूल ठेवत होते, वाकून नमस्कार करत होते. प्रकाश बोलायला उभा राहिला. छान बोलतो तो. त्याने चावल्याची गोष्ट सांगितली. “बाईंच्या हातावरची खूण मीच दिली बरं का!” सगळा हॉल हसला, बायकांनी डोळे पुसले. चिमीचं नावही निघालं नाही. खरं तर निघेल असं मला वाटलंच का, याचा मला आता राग येतो.

चहा झाला, माणसं पांगली. मी प्रकाशला म्हटलं, “प्रकाश, पाट पुसायचा राहिला.” त्याला काही कळलं नाही. “असू द्या हो बाई, माणूस आहे त्याला.” मी म्हटलं, मग हा मी घेऊन जाते. तो अगदी मनापासून म्हणाला, “न्या की! तुमच्या मैत्रिणीची आठवण. आम्हाला त्याचं काय करायचंय?” जिच्यासाठी कुलूप विकत आणलं, जिच्यासाठी निमा आठ वर्षं जळली, ती वस्तू त्याने मला अशी सहज देऊन टाकली. त्याला तो प्रसंग आठवत असून तो विसरल्याचं दाखवत होता, असंही नाही. तो खरंच विसरला होता.

दुसऱ्या आठवड्यात मी पाट कापडात गुंडाळून वाडीवर गेले. निमाच्या परसदारी उभं राहिलं की ओढा दिसतो, ओढ्यावर आता साकव आहे, आणि पलीकडे वाडी. चिमी दारातच भेटली, कपडे वाळत घालत होती. उंच झाली आहे, सुट्टीच्या दिवशी कळंबला रिसॉर्टवर भांडी घासायला जाते. मी निमाबाई गेल्याचं सांगितलं. तिने भुवया उंचावल्या. “कोन निमाबाय?” मी पाट उघडून दाखवला. तिने पितळेच्या फुलीवरून बोट फिरवलं, छान हाय म्हणाली, आणि पुन्हा कपड्यांकडे वळली. 

आतून तिची आई बाहेर आली. पाट बघून तिचा चेहराच बदलला. म्हणाली, “ती इसरली. मी नाय इसरले. पहाटं उठून पानी तापवून न्हाऊ घातली व्हती तिला. जावंच्या पोरीचा फराक मागून आनला. सगल्या वाडीला सांगितलं, आमची पोर आज देव व्हनार.” मी सगळं सांगितलं, कुलूप, पंच, चाव्या, बंद खिडकी. निमा कशी झुरली ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमाला काय ठाव? आमी समजलो बायलाच नको व्हती आमची पोर. एक डाव येऊन सांगितलं आसतं तर... हितून घर दिसतंय तिचं.”

मी मागे वळून पाहिलं तर खरंच दिसत होतं, निमाच्या घराचं मागचं दार, तुळस, कपड्यांची दोरी. आठ वर्षं ही बाई पुढच्या खिडकीशी बसून देवळावर दात खात राहिली. मागच्या दाराने बाहेर पडून एकदा साकव ओलांडावा, त्या आईसमोर उभं राहावं, हे तिला सुचलं नाही. की सुचलं आणि जमलं नाही? पोरीच्या प्रश्नाला जसं तोंड देता आलं नाही, तसंच आईलाही देता आलं नसेल. प्रकाशवर मी आयुष्यभर चिडलेली राहणारच आहे. पण त्या दिवशी साकवावरून परत येताना मी निमावर जेवढी चिडले, तेवढी ती जिवंत असतानाही कधी चिडले नव्हते. आणि हे भांडण मिटवायला आता मी तरी कुठे जाऊ?

पाट चिमीच्या आईने ठेवून घेतला नाही. “आमी काय करू त्याचं, बाय? जमिनीवरच बसतो आमी,” एवढंच म्हणाली. तो आता माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला उभा असतो. नात सुट्टीत आली की त्याच्यावर बसून मोबाइल बघत जेवते. जेवण झालं की मी तिच्या हातात ओलं फडकं देते. ती कुरकुरते, तोंड वाकडं करते, पण पुसते. निमाचं एवढंच काय ते माझ्याकडे उरलंय. चिमीचा नंबर राहिला तो राहिलाच.