परदेशी कैद्याचा पाव

योकोहामाच्या टेकडीमागच्या तुरुंगात जिनपाची एकोणीस वर्षं आचारी होता आणि या एकोणीस वर्षांत त्याच्या स्वयंपाकाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. ठेवणार कोण? जव घालून शिजवलेला भात, मिसोचं पाणचट सूप आणि मुळ्याच्या लोणच्याच्या दोन चकत्या. आवडलं तर खा, नाही आवडलं तरी खा. तुरुंगात याहून वेगळा नियम चालत नाही.

१८९८ सालच्या हिवाळ्यात तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्याला बोलावून घेतलं आणि एकदम विचारलं, "जिनपाची, तुला पाव करता येतो?"

"मला खाताही येत नाही, साहेब."

"मग शीक. सात-आठ महिने आहेत हातात."

कारण सरळ होतं. परदेशी माणसाने इथे जपानात कुणाला मारलं, लुटलं, बुडवलं, तरी त्याचा खटला आपल्या न्यायालयात चालत नसे. तो चाले त्याच्याच देशाच्या कॉन्सलपुढे, म्हणजे इथल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यापुढे, त्याच्याच भाषेत, त्याच्याच कायद्याने. हे मोडून काढण्यासाठी आपले वकील वीस वर्षं विलायतेच्या दारात खेटे घालत होते. एक मंत्री वाटाघाटी करी, त्या फिसकटत, दुसरा येई, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तह झाला, सह्या झाल्या आणि १८९९ च्या जुलैपासून तो लागू होणार असं ठरलं. बंदरातल्या परदेशी व्यापाऱ्यांनी मात्र आकांत मांडला होता. जपानी तुरुंगात चटईवर झोपून आणि थंड भात खाऊन आम्ही मरायचं का, असं त्यांची वर्तमानपत्रं रोज लिहीत.

"पहिल्याच कैद्याने जेवणाची तक्रार केली," अधिकारी म्हणाला, "तर हे लोक ती महिनाभर नाचवतील. म्हणतील, यांना धड तुरुंग चालवता येत नाही, हे न्याय काय देणार? समजलं का?"

"समजलं. म्हणजे आता तह माझ्या पावावर उभा."

"आगाऊपणा नको. उद्यापासून बंदरावरच्या विलायती हॉटेलात शिकायला जायचं."

जिनपाचीने तोंड वाकडं केलं नाही, याला घरचं कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ उनोसुके होनमोकूच्या किनाऱ्यासमोर मासे धरत असताना एका परदेशी पेढीची वाफेची लाँच त्याच्या होडीवर चढली. होडीचे दोन तुकडे झाले आणि उनोसुके गेला. खटला कॉन्सलपुढे चालला. गावच्या मुखियाने अर्ज लिहिला, उनोसुकेची बायको ओताकी धुतलेला किमोनो नेसून साक्षीला गेली, बाकावर बसली आणि तशीच उठून आली. तिला कुणी नावसुद्धा विचारलं नाही. होडीतून कसलीही खूण झाली नव्हती, सबब लाँचवाल्याचा दोष नाही, असा निकाल लागला. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

तेव्हापासून ओताकी दिराच्या शेजारच्या खोलीत राहत होती आणि कोळ्यांची जाळी दुरुस्त करून पोट भरत होती. जिनपाचीने लग्न केलं नाही. गल्लीतल्या बायका व्हायच्या तेवढ्या चर्चा करून थकल्या. त्या दिवसाबद्दल मात्र दोघांत कधी चकार शब्द निघाला नाही. ओताकीने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "जे न्यायाधीशापुढे बोलायचं, ते मी चुलीपुढे उगाळणार नाही." जिनपाचीला हे बरंच वाटलं. खरं सांगायचं तर ऐकायची त्याची छाती नव्हती.

हॉटेलातल्या भटारखान्यात दोन महिने त्याने पीठ मळलं, भट्टी पेटवली, बोटं पोळून घेतली. तिथला मुख्य पाववाला टोकियोचा होता आणि तो नाकावर माशी बसू देत नसे. सगळं शिकवलं, पण पाव फुगवायचं खमीर कसं करतात ते काही सांगेना. "ते मी बायकोलाही दाखवलेलं नाही," म्हणे.

जिनपाचीचं काही अडलं नाही. त्याचं आजोळ साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्यांच्या गावात. शिजवलेला भात आणि साकेची बुरशी एका मडक्यात घालून चार दिवस उबेला ठेवलं की काय फसफसतं ते त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. तेच त्याने पिठात घातलं. पाव असा टम्म फुगला की पहारेकरी बघायला आले. आता त्याला साकेचा वास येत होता, पण जिनपाचीच्या नाकाला तो दारूचा वास नव्हताच. पदार्थ नीट आला की असाच वास येतो, एवढंच ते नाक जाणत होतं. अधिकाऱ्याने एक तुकडा मोडून हुंगला, सावकाश चावला आणि मान डोलावली.

"छान. अगदी विलायती वास येतोय."

ऑगस्टमध्ये पहिला परदेशी कैदी आला. हॅरिगन नावाचा, जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, दाराएवढा माणूस. तोमेजो नावाच्या रिक्षावाल्याने चढावर धावायला नकार दिला, म्हणून याने त्याचा जबडा फोडला होता. खटला आपल्या न्यायालयात चालला. ओताकी सकाळीच जाऊन बघ्यांच्या बाकावर बसली होती. तिन्हीसांजेला आली ती थेट जिनपाचीच्या दारात.

"दोन महिने दिले."

"बरं झालं."

"भाऊजी, एक तास. तोमेजोला एक तास विचारत होते. कुठे उभा होतास, कुठल्या हाताने मारलं, दात किती पडले, वरचे की खालचे. तो बोबडं बोलत होता तर न्यायाधीश म्हणाला, सावकाश सांग, घाई नाही." तिने चौकटीला हात टेकला. "घाई नाही म्हणाला."

जिनपाचीने बसायला चटई पुढे सरकवली.

"आणि आता तुम्ही त्या गोऱ्याला गरम पाव घालणार. तोमेजोला दात नाहीत म्हणून पेज, आणि याला पाव! मूठभर मीठ जास्त पडलं तर कोण विचारतंय?"

"तेच तर आहे ना, वहिनी. आता विचारतात."

ओताकीने फणकाऱ्याने दार ओढून घेतलं. जिनपाचीला तिचा राग आला नाही. मीठ त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्याने मीठ मोजून घातलं, रश्शात गोमांस घातलं, नाकाला फडकं बांधून का होईना पण मऊ शिजवलं. या माणसाने तक्रार केली असती, तर पुढच्या तोमेजोला पुन्हा दहा मिनिटंच मिळाली असती. हॅरिगनने रस्सा अर्धा टाकला, पाव मात्र चुऱ्यासकट संपवला आणि आणखी दे म्हणून खुणा केल्या.

पंधरा दिवसांनी कॉन्सलच्या कचेरीतला एक साहेब पाहणीला आला. बरोबर आपल्या सरकारचा दुभाष्या, काळ्या कोटातला, कडक कॉलरवाला. साहेबाने हॅरिगनच्या कोठडीतली गादी दाबून पाहिली, मोरी पाहिली, मग पाव उचलून नाकाशी नेला. त्याच्या भुवया वर गेल्या.

"साहेब म्हणतात, यात दारू आहे," दुभाष्याने सांगितलं. "कैद्याला दारू पाजता का, असं विचारतात."

अधिकाऱ्याचा चेहरा पिठासारखा झाला. दाराआडून जिनपाचीला बाहेर ओढण्यात आलं. भात, बुरशी, मडकं, आजोळ, सगळं त्याने घाईघाईने सांगितलं. साहेब वहीत लिहू लागला. एकोणीस वर्षांची नोकरी गेली तर गेली, पण वीस वर्षांच्या वाटाघाटी आपल्या मडक्यात बुडाल्या, असं जिनपाचीला झालं.

तेवढ्यात हॅरिगन उठला आणि त्याच्या भाषेत तावातावाने बोलू लागला. दुभाष्या ऐकता ऐकता गोंधळला.

"काय म्हणतोय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"म्हणतोय, गादी पातळ आहे, आंघोळीचं पाणी कढत, कोंबडी सोलायच्या कामाचं आहे, आणि रात्रीचा पहारेकरी घोरतो. पण पावाला कुणी हात लावला, तर याद राखा."

साहेब मोठ्याने हसला. 'जेवणाबद्दल तक्रार नाही,' असं त्याने वहीत लिहिलं. मग जिनपाचीकडे वळून त्याने काहीतरी विचारलं.

"आचाऱ्याला काही सांगायचं आहे का, असं विचारतात," दुभाष्या म्हणाला.

असं काही होईल हे जिनपाचीच्या स्वप्नातही नव्हतं. तो वाकला, सरळ झाला आणि बोलला.

"माझं काही नाही. पण अकरा वर्षांपूर्वी माझी वहिनी साक्षीला गेली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी एकदा तिला विचारावं. शिक्षा कुणाला नको. नुसतं विचारावं."

दुभाष्याने अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी जमिनीकडे पाहत होता. दुभाष्याने कॉलर सारखी केली आणि साहेबाला दोनच शब्द सांगितले, "थँक यू." साहेबाने प्रसन्न होऊन मान लववली आणि तो पुढच्या कोठडीकडे गेला.

ते दोन शब्द जिनपाची हॉटेलात पहिल्याच दिवशी शिकला होता.

तो घरी आला तेव्हा ओताकी ओट्यावर जाळं पसरून बसली होती. त्याने कपडे बदलले नाहीत, पाय धुतले नाहीत, समोर बसून घडलं ते सांगितलं.

"वर नाही पोचवलं," शेवटी तो म्हणाला. "आपल्याच माणसाने नाही पोचवलं, वहिनी."

"त्याचं बरोबर आहे त्याच्या परीने. एवढं जमत आणलेलं कोण मोडेल?" तिने सुई जाळ्यात खोचली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच त्याला सहन होईना.

ते मोठे लोक विचारणार नाहीत, हे त्याला कळून चुकलं. पण अकरा वर्षं एका भिंतीपलीकडे राहून आपण तरी कुठे विचारलं? त्याने मांडी सोडून गुडघे टेकले, कचेरीत बसतात तसा ताठ बसला.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत?"

ओताकी त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिने मांडीवरचं जाळं बाजूला केलं आणि गळ्याशी किमोनो नीट केला.

"ऊन होतं," ती म्हणाली. "मी खडकावर शिंपले काढत होते. लाँच सरळ येताना दिसली, तसे हे होडीत उभे राहिले. डोक्याचा पंचा सोडला आणि दोन्ही हातांनी हलवायला लागले. खूप वेळ हलवत होते. लाँचवर लोक होते, भाऊजी, त्यांनी पाहिलं. एकाने टोपी काढली आणि हसत हसत यांना उलट हलवून दाखवली."

"सावकाश सांगा," जिनपाची म्हणाला.