फ्रॉकवरचा चुन्याचा डाग

संग्रहालयाच्या तळघरात जुन्या कपड्यांची एक खोली आहे. तिथे बसणाऱ्या बाईला सगळे पाकीटबाई म्हणतात. जुन्या इमारतींचं पाडकाम निघालं की भिंतीत, फरशीखाली, छताच्या पोकळीत कुणीतरी कधीकाळी लपवलेले कपडे सापडतात. ते हिच्याकडे येतात, आणि ही बाई कपड्याच्या आधी त्याची धूळ जपते. खिशातली धूळ एका पाकिटात, शिवणीतली दुसऱ्यात, बाहीतली तिसऱ्यात. "आमच्या कपाटावर बोटानं पत्र लिहिता येईल," तिचा नवरा येईल त्याला सांगतो, "आणि ही परक्यांची धूळ पाकिटात भरते!" बाई ऐकून घेते. कपाट मात्र पुसत नाही ते नाहीच.

हा हट्ट काही जन्मापासूनचा नव्हे. तिच्या वडिलांचं लाँड्रीचं दुकान होतं. शाई असो, गंज असो, डाग तिच्यापुढे टिकायचा नाही. संग्रहालयात लागल्यावर पहिल्याच वर्षी जिन्याखाली सापडलेला एक कोट तिनं असा काही धुतला की नवा वाटावा. मोठ्या ऐटीत तो तिनं आपल्या वरिष्ठ बाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "छान. आता हा कुणाचा होता ते गटाराला विचार." शिवणीतला भुसा, कॉलरचं तेल, खिशाच्या कोपऱ्यातलं काय असेल नसेल ते, सगळं वाहून गेलं होतं. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला.

मागच्या महिन्यात एक गवंडी सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर एक लहान फ्रॉक घेऊन आला. जुन्या घराची भिंत फोडताना दोन विटांमधल्या पोकळीत तो त्याला दिसला होता.

"झटकला नाही ना?" बाईनं आधी तेच विचारलं.

"हात पण लावला नाही, ताई. खाली गोणी सरकवली आणि उचलला."

बाईला तो माणूस तिथल्या तिथे आवडला.

घरमालक मात्र दुसऱ्या टोकाचा. निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून वर्गातलाच. "रविवारी पाहुणे येणार घर बघायला. स्वच्छ धुवा, इस्त्री करा, फ्रेममध्ये घालून बैठकीत लावतो. तो पांढरा डाग तेवढा गेला पाहिजे."

"धुणार नाही," बाई म्हणाली.

"मग शुक्रवारी मी येऊन घेऊन जातो. आमचा ड्रायक्लीनर धुईल."

बाईच्या साहेबांनीही हात वर केले. वस्तू त्याची, देऊन टाक म्हणाले. खरंच होतं ते. तिचा त्या फ्रॉकवर काडीचा हक्क नव्हता. पण धुतला की संपला, परत मिळायचा नाही, हे त्या इमारतीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "शुक्रवारपर्यंत तरी माझ्याकडे आहे ना?" असं म्हणून तिनं पदर खोचला.

तीन दिवस ती मान मोडून बसली. मऊ ब्रश, धूळ ओढायला जाळी लावलेला छोटा पंप, बारीक वाफ. एकेक घडी अंगठ्याएवढी सैल करायची, थांबायचं, पुढे जायचं. घेराला वाढत्या अंगासाठी तीन दुमडी घातलेल्या होत्या. दोन उसवून लांबी वाढवली होती, जुन्या टाक्यांची भोकं स्पष्ट दिसत होती. तिसरी दुमड तशीच होती. दुसऱ्या दिवशी पाठीवरचा धुळीचा थर निघाला आणि बाईच्या हातातला ब्रश थांबला. डाग म्हणजे सांडलेला चुना नव्हताच. पाच बोटं होती. तिनं लगेच गवंड्याला फोन लावला.

शुक्रवारी हेडमास्तर प्लास्टिकची पिशवी घेऊनच आले. गवंडी टेबलापाशी उभा होता.

"याला कशाला बोलावलं?"

"मला कपड्यातलं कळतं, भिंतीतलं नाही," बाई म्हणाली. "दादा, तुम्हीच सांगा."

गवंड्यानं आपला पंजा फ्रॉकच्या वर, दोन बोटं अंतर ठेवून धरला. "हात आमच्यातल्याच माणसाचा आहे, साहेब. ओला चुना लागलेला. भर म्हणून चिंधी घालायची तर आम्ही मुठीत धरून कोंबतो, चुरगाळून. हा नीट घडी करून ठेवलाय आणि वरून पंजा सपाट टेकवलाय. ती पोकळीही चुकून राहिलेली नव्हती. अर्धी वीट कापून जागा केलेली. त्यानं आधी जागा केली, हा ठेवला आणि मग भिंत बंद केली."

हेडमास्तर वाकले. पंजा बरोबर पाठीच्या मधोमध होता, लेकराला निजवताना आपण ठेवतो तिथे.

"आणि ही एक दुमड तशीच का?" त्यांनी घेराकडे बोट करून विचारलं.

"ती उसवायची वेळच आली नाही," बाई म्हणाली. तीन दिवस तिनं हे वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. ते बोलताना तिचा आवाज फाटला, आणि त्याचा तिला रागच आला. "हाच तो तुमचा डाग. नेऊन धुवायचा तर धुवा, मी अडवू शकत नाही. पण त्या माणसाचं जगात दुसरं काही उरलेलं नाही. त्याचं नाव नाही, तिचं नाव नाही. एवढं आहे."

हेडमास्तरांनी पिशवीची घडी घातली. परत उलगडली. परत घातली. मग टेबलावर दोन्ही हात टेकून ते त्या पाच बोटांवर आणखी खाली झुकले आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"मागे व्हा!" बाई ओरडली. "दोन पावलं मागे व्हा आधी, डोळे तिकडे जाऊन पुसा. थेंब पडला तर चुना सुटून येईल!"

हेडमास्तर शाळेतल्या पोरासारखे दोन पावलं मागे झाले, आणि तिथूनच, नाक ओढत म्हणाले, "बाई, तुम्ही पण व्हा."