बरणीत वाढलेला मासा

आम्ही सुप्याला राहायला आलो तेव्हा नवऱ्याच्या कारखान्यातल्या मित्राने गप्पी माशांची एक जोडी दिली. काही आठवड्यांत पिल्लं झाली. मोठे मासे पिल्लं खातात असं ऐकलं होतं, म्हणून मी ती गाळणीने उचलून एका टबात सोडली. एक मात्र शेवाळात दडून राहिलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सापडलं, त्याला मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं. पुढे ते तिथंच राहिलं.

सासूबाई आमच्याकडेच असतात. बरणी त्यांच्या खाटेजवळच्या खिडकीत होती, त्यामुळे त्याला खाणं घालायचं काम आपोआप त्यांच्याकडे गेलं. बघता बघता तो मासा टबातल्या भावंडांच्या दुप्पट दिसायला लागला.

"केवढा झालाय, आई," मी कौतुकाने म्हटलं.

"वाटेकरी न्हाई ना कुनी," त्या म्हणाल्या. मग बरणीकडेच बघत म्हणाल्या, "मीबी अशीच वाढले. मिरजगावच्या मावशीला पोरबाळ न्हवतं, म्हनून आई-बाप ऊसतोडीला जाताना मला तिच्याकडं ठिवायचे. धाकटी त्यांच्यासंगं जायची. माझ्या ताटात रोज तूप. पर ती माघारी आली की मला तिच्यासंगं खेळताच यायचं न्हाई."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हे मला माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी त्याला टबात सोडलं. बाकीचे घोळक्याने फिरत होते, हा तळाशी, कोपऱ्यात. खाणं टाकलं की सगळे वर झेपावायचे, एवढा मोठा असून हा मागे राहायचा. सासूबाई त्याच्यापुढे वेगळी चिमूट टाकायच्या. हळूहळू तो घोळक्याच्या कडेकडेने पोहायला लागला, पण कुणी अगदी जवळ आलं की दचकायचा.

वर्ष पुरं व्हायच्या आत तो गेला. बारके अजून आहेत. एकटा वाढला म्हणूनच गेला, असं एका माशावरून मी म्हणणार नाही. सासूबाईंनी त्याला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि वरून हळूच माती थापटली.

"आपण त्याला त्यांच्यात सोडलं, ते त्याला कळलं असेल का?" मी विचारलं.

"कळलं आसंल. उशीर झाला, येवढंच."

हात धुऊन आल्यावर त्यांनी मला धाकट्या बहिणीला फोन लावायला सांगितलं. काम काहीच नव्हतं. शेंगा निघाल्या का, गुडघा कसा आहे, असंच दोघी बोलत राहिल्या. मी चहा करून शेजारी ठेवला. तो गार झाला तरी त्यांना हाक मारली नाही.